तीनशे गजांच्या आत

सैनीजींनी दोघांना आधी ताक दिलं, मग सगळं घर फिरून दाखवलं, आणि ती दोघं गच्चीवर मोजणी करत असताना कोणीतरी खाली फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं.

साखळीचा आवाज गौतमीला ऐकू आला होता. पण मुरलीपुऱ्याच्या गल्ल्यांमधून दुपारी गाई फाटकं ढकलत फिरतात, त्यांच्यासाठी लावली असेल असं समजून तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष हातातल्या यंत्रावर होतं. मुठीत मावेल एवढ्या त्या यंत्रातून लाल ठिपका समोरच्या कठड्यावर पडला, की अंतराचा आकडा आपोआप उमटायचा. तिनं शेवटची बाजू मोजली, टॅबमध्ये भरली आणि खाली आलेलं क्षेत्रफळ पाहून थांबली.

"किती?" प्रथमेशनं विचारलं.

"तीनशे नऊ."

"गज?"

"हो. पण खाली बोलू नकोस. मतलब, आत्ता लगेच नको."

जयपुरात राहत्या घराची जागा तीनशे गजांच्या, म्हणजे चौरस वारांच्या, आत असली तर नगरविकास कर लागत नाही, वर गेली की लागतो. सैनीजींनी ताक देताना दोनदा सांगितलं होतं, आपलं दोनशे पंच्याण्णव आहे म्हणून. मागच्या नाल्याकडची चिंचोळी पट्टी त्यांनी केव्हातरी भिंत सरकवून आत घेतली होती, हे गच्चीवरून स्पष्ट दिसत होतं. तिथे आता कढीपत्ता आणि लिंबाचं झाड होतं.

गौतमी जयपुरातच वाढलेली. तिचे वडील भीमराव रेल्वेत गार्ड होते. अकोल्याहून बदली होऊन आले ते इथलेच झाले. घरात मराठी, पण शाळा, मैत्रिणी, बाजार सगळं हिंदीत, त्यामुळे तिची मराठी अधूनमधून अडखळायची. नगररचनेचं शिक्षण घेऊन ती शहरांच्या कारभाराचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागली होती. प्रथमेश चिंचवडचा, याच संस्थेत नवीन आलेला. या वेळचं काम सोपं वाटत होतं. जयपूर, इंदूर, नागपूर, पुणे. प्रत्येक शहरात साधारण सारखी घरं निवडायची, ती मोजायची, आणि त्याच घराला कुठल्या महापालिकेत किती कर बसतो याचा तक्ता करायचा. घरमालकाचं नाव अहवालात कुठेही येणार नव्हतं. सैनीजींनी तसं लिहिलेल्या संमतीच्या कागदावर सहीही केली होती.

दोघं जिना उतरून अंगणात आली तेव्हा सैनीजी खाटेवर बसले होते. पण मघाशी मोकळेपणानं बोलणारा माणूस आता त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांच्या शेजारी एक पन्नाशीची बाई उभी होती. डोक्यावर पदर, गळ्यात शिंप्याची टेप, आणि उजव्या मुठीत किल्ली. फाटकाच्या गजांमागे शेजारची चार-पाच माणसं गोळा झाली होती.

"हीच ती लाल बत्ती," बाई सैनीजींना म्हणाली. बोलणं हिंदीतच चाललं होतं. "माझ्याकडे आले होते त्यांच्याही हातात हेच होतं. भिंतीवर ठिपका पाडत होते. म्हणाले, नुसता सर्वे आहे."

गौतमीला अजून नीट उमजलं नव्हतं. प्रथमेशला तर वातावरण बदललंय हेच कळलं नाही. त्याला वाटलं, लोक उत्सुकतेनं जमले आहेत. तो हसून सैनीजींना म्हणाला, "अंकलजी, तुम्ही नशीबवान आहात. एवढं तीनशे नऊ गजांचं घर पुण्यात असतं ना, तर दरवर्षी कराचं केवढं बिल आलं असतं! माझ्या वडिलांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, तरी ते बिल आलं की आठवडाभर घरात बोलत नाहीत."

अंगणात कोणी हसलं नाही.

"तीनशे नऊ?" सैनीजींनी विचारलं.

फाटकामागून एकजण ओरडला, "बघा, आला ना आकडा! आता पंधरा दिवसांत कागद येईल!"

"पुण्याचं इथे कशाला सांगतोस?" दुसरा म्हणाला. "तिथला दर इथे लावायचा आहे ना? त्यासाठीच पाठवलंय तुम्हाला."

गौतमीनं गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. "आम्ही वसुलीचे नाही, अंकलजी. आमचा कराच्या खात्याशी संबंध नाही. आम्ही फक्त जयपूर, इंदूर, नागपूर, पुणे अशा चार शहरांच्या करांची तुलना करतो."

"तेही ओळखपत्र दाखवत होते," बाई म्हणाली. "तेही फक्त मोजत होते."

तिचं नाव विमला. ती तीन घरं सोडून राहायची. नवरा गेल्यावर तिनं पुढच्या खोलीत शिलाईचं काम सुरू केलं होतं, ब्लाउज, लहंगे, फॉल-पिको. दोन माणसं आली, खोली मोजून गेली. पुढे एक नोटीस आली, ती तिला नीट कळली नाही. मग एका सकाळी पाच-सहा जण येऊन त्या खोलीला सील लावून गेले. त्यांचं म्हणणं, राहत्या घरात धंदा, तोही इतक्या वर्षांचा, सगळा कर एकदम भरा. ते नक्की कोणाचे, कुठल्या ठेकेदाराचे, हे गल्लीत कोणालाच सांगता येत नव्हतं. मशीन आत, गिऱ्हाइकांचे कपडे आत. लग्नाचे दिवस.

"तुम्ही आता इथेच बसा," विमला म्हणाली. "ज्यांनी माझी खोली बंद केली त्यांना बोलवा. ते येऊन उघडतील, मग मी हे उघडते."

प्रथमेशच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो फाटकापाशी गेला, साखळी ओढून पाहिली. बाहेरच्या एका तरण्या माणसानं गजांवर जोरात हात मारला तसा तो दचकून मागे आला.

"हे बेकायदेशीर आहे," तो म्हणाला.

"त्यांचं कायदेशीर होतं का?" विमलानं विचारलं.

सैनीजी खाटेवरून उठले. त्यांनी टॅबकडे बोट केलं. "विमलाचं विमला बघेल. माझं आधी पुसा. आकडा पुसा, फोटो पुसा. माझ्यासमोर."

टॅबवरची नोंद भरल्याबरोबर आपोआप ऑफिसला जायची. पडद्यावरून ती पुसता यायची, पण ऑफिसात तशीच राहायची. प्रथमेश गौतमीजवळ सरकला आणि घाईघाईनं मराठीत म्हणाला, "पुसून दाखव ना. स्क्रीनवरून जाईल, वर गेलेलं राहू दे. त्याला काय कळतंय? आधी इथून निघू."

"नाही रे. तसं नको."

"गौतमी, तुला बाहेरची माणसं दिसतायत का? पाहिजे ते कबूल कर. बाहेर पडल्यावर बघू."

"मतलब, मी त्यांना खोटं सांगू? आणि उद्या यांना खरंच कागद आला तर?"

"येईना का! आपल्याला काय करायचंय?"

"आपस में क्या बोल रहे हो?" फाटकामागून कोणीतरी दरडावलं.

सैनीजी दोघांकडे टक लावून बघत होते. मग ते सावकाश, पण स्वच्छ मराठीत म्हणाले, "म्हणजे पुसलं तरी राहतं वर?"

प्रथमेश गौतमीपासून एक पाऊल मागे सरकला.

"अर्धी नोकरी भुसावळला काढली मी, लोको शेडमध्ये," सैनीजी म्हणाले. "माझी दोन्ही पोरं तिथे जन्मली. मला काय कळतंय, हे विचारत होतास ना? सगळं कळलं." आणि मग हिंदीत वळून त्यांनी ते गल्लीला मोठ्यानं सांगितलं. नुसतं दाखवायला पुसणार होते. आकडा ऑफिसात पोचला आहे. बाहेर पडल्यावर बघू म्हणत होते.

गलका उठला. कोणी म्हणालं, टॅब काढून घ्या. कोणी म्हणालं, फोडा. मघाशी गजांवर हात मारणारा तरुण फाटकावर पाय ठेवून चढू लागला. सैनीजींनी त्याला खाली उतरायला सांगितलं, पण त्यांच्या सांगण्यात जोर नव्हता. गौतमीनं टॅब छातीशी धरला. पळायला जागा नव्हती. मागे जिना आणि गच्ची, पुढे फाटक.

"हो, राहतं," ती मोठ्यानं म्हणाली. आधी मराठीत, मग सगळ्यांसाठी हिंदीत. "इथून पुसलं तरी ऑफिसात राहतं. मी ते पुसू शकत नाही. पण अंकलजींनी संमती मागे घेतली तर ऑफिसला नोंद काढावीच लागते. सहीच्या कागदावर तसं लिहिलंय. मी आत्ता फोन लावते. स्पीकरवर. सगळ्यांनी ऐका."

"लाव," सैनीजी म्हणाले.

संस्थेच्या प्रमुख सरोजिनी मॅडम. त्याही मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे ऑफिसात या तिघांचं बोलणं मराठीत व्हायचं. फोन उचलल्यावर त्या मराठीतच बोलतील हे ओळखून गौतमीनं त्यांना बोलूच दिलं नाही. "मॅडम, फोन स्पीकरवर आहे. आम्ही मुरलीपुऱ्यात सैनीजींच्या घरी आहोत. फाटक बंद केलंय. इथे बरीच माणसं आहेत, आणि सैनीजींना मराठी येतं."

मग मॅडमचा आवाज आला, सांभाळून, हिंदीत. "तुम्ही दोघं ठीक आहात?"

"आहोत. सैनीजी संमती मागे घेताहेत. त्यांची नोंद आणि फोटो काढायचे आहेत. आत्ता, त्यांना दिसेल असं."

"काढते. तुझ्या टॅबवर यादी उघड, त्यांना दाखव."

सगळे टॅबभोवती जमले. फाटकाबाहेरचे गजांवर तोंड दाबून बघत होते. यादीत मुरलीपुऱ्याची सगळी घरं एकाखाली एक होती. बराच वेळ काही हललं नाही. फाटकावर चढलेला तरुण म्हणाला, नाटक आहे सगळं. गौतमीच्या मनात आलं, ऑफिसातलं नेट आत्ता बंद पडलं तर? मग ती ओळ गेली. खालची ओळ वर सरकली. सैनीजींनी चष्मा पुसून यादी दोनदा वरखाली करून पाहिली.

"मॅडम," ते फोनकडे वाकून मराठीत म्हणाले, "ठेवली असेल कुठे तर मला कळणार नाही, हे मला ठाऊक आहे."

"ठेवलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही माझ्या माणसांना कोंडलंय. मी पोलिसांना कळवू का?"

"हो!" प्रथमेश ओरडला.

"नको, मॅडम," गौतमी त्याच वेळी म्हणाली.

फोन बंद झाला. मॅडमनी कोणाचं ऐकलं, ते कळायला मार्ग नव्हता.

सैनीजींनी विमलाकडे हात केला. "दे चावी. माझं झालं."

"तुमचं झालं," विमला म्हणाली. तिनं मूठ उघडली नाही. "तुमचं घर त्यांच्या यादीतून गेलं, भाईसाहब, चांगलं झालं. माझं दार कोण उघडणार?"

"हिनं लावलंय का ते?"

"हिनं नाही लावलं. पण ज्यांनी लावलं ते मला सापडत नाहीत. ही सापडलीय."

सैनीजींनी पुढे केलेला हात मागे घेतला. गौतमीला विमलाचा राग येत होता, आणि त्याच वेळी, आपण या बाईच्या जागी असतो तर काय केलं असतं, हेही सुचत नव्हतं. ती म्हणाली, "आंटी, मला ती खोली दाखवा."

"बघून काय करशील?"

"माहीत नाही. पण इथे उभी राहूनही काही करू शकत नाही."

विमलानं विचार केला. मग तिनं प्रथमेशकडे बोट दाखवलं. "हा इथे राहील."

"गौतमी, जाऊ नकोस," प्रथमेश म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात नुसती भीती होती, घाई नव्हती. "मला एकट्याला इथे ठेवून जाऊ नकोस, प्लीज."

ती थांबली. सैनीजी त्याला मराठीत म्हणाले, "बस खाटेवर. तुला कोणी हात लावणार नाही. मी आहे." प्रथमेश बसला नाही. फाटक गौतमीपुरतं उघडलं आणि पुन्हा बंद झालं, तेव्हा तो गजांना धरून उभा होता.

विमलाच्या घराची पुढची खोली रस्त्यालगत होती. शटरच्या कुलपावर कापड गुंडाळून लाख ओतली होती. शेजारच्या खिडकीच्या काचेला नाक लावलं की आत दोन मशीन, रंगीत दोऱ्यांची रिळं आणि खुंटीला टांगलेला एक अर्धवट लाल लहंगा दिसत होता. मागून आलेली माणसं थोड्या अंतरावर थांबली. गौतमीनं सील पाहिलं. नोटीस वाचली. तिला त्यात काही चूक सापडली असती तर बरं झालं असतं, पण नोटीस बरोबर असावी असंच तिला वाटलं.

"तू चार शहरांचं लिहितेस ना?" विमलानं विचारलं. "मग सांग. मी पुण्यात असते, नागपुरात असते, तर माझी खोली अशी बंद झाली असती?"

गौतमीनं खोटं उत्तर आधी मनात तयार केलं होतं. नाही, तिथे असं होत नाही. ते ऐकून बाईला बरं वाटलं असतं. पण मघाशी अंगणात एकदा खरं बोलून झालं होतं आणि आता मागे फिरायला ती घाबरत होती.

"तिथेही सील लावतात," ती म्हणाली. "पण तिथे तुम्हाला पहिल्याच वर्षी बिल आलं असतं. घराचं वेगळं, खोलीचं वेगळं. दरवर्षी आलं असतं. तुम्ही चिडला असता, भांडला असता, कमी करून मागितलं असतं. पण ते काय आहे, हे तुम्हाला माहीत झालं असतं. इथे राहत्या घराला तीनशे गजांच्या आत काहीच येत नाही. म्हणून धंद्याच्या खोलीला कर असतो, हेच कळत नाही. मग एक दिवस सगळं एकदम येतं."

"मग चांगलं कुठलं?"

"मला सांगता येत नाही, आंटी."

"तुझ्या कागदावर माझ्या घराचं काय लिहिशील?"

"घर लहान आहे. राहत्या घराच्या रकान्यात..." गौतमी अडखळली. "शून्य येईल."

विमलानं शटरकडे पाहिलं. "शून्य," ती म्हणाली. "मी काहीच भरत नाही. जो वाचेल तो म्हणेल, बघा, या लोकांना फुकट राहायला मिळतं. वाढवा यांचा. असंच ना?"

"होऊ शकतं."

"वाढेल?"

"वाढू शकतो. मी नाही म्हणणार नाही."

गर्दीतून कोणीतरी शिवी दिली. विमलानं मान वळवून त्याला गप्प केलं. ती ओटीच्या पायरीवर बसली, गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळू लागली. "ज्या दिवशी ते आले," ती म्हणाली, "मी आत जेवत होते. म्हणाले, बाई, बाहेर या. मी उष्ट्या हातानं बाहेर आले. एवढंसुद्धा म्हणाले नाहीत, की हात धुऊन घ्या. आतले कपडे तरी काढून घेऊ द्या म्हटलं. ज्यांची लग्नं होती त्या मुली माझ्या दारात येऊन रडून गेल्या, आणि मी काय सांगणार होते त्यांना?"

गौतमी तिच्याशेजारी बसू की नको, या विचारात उभी असतानाच गल्लीच्या तोंडाशी जीप वळली. माणसं क्षणात पांगली. फाटकावर चढणारा तरुण तर दिसेनासाच झाला. रस्त्यावर फक्त दोघी राहिल्या, आणि विमलाच्या मुठीत किल्ली.

हवालदारानं जीपमधूनच विचारलं, "कोणाला कोंडलंय?"

विमला उठून उभी राहिली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. गौतमीनं तिच्यापुढे हात केला. विमलानं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"आम्हाला," गौतमी म्हणाली. "फाटक बंद केलं होतं, ते खरं आहे. आता उघडतेय. माझी तक्रार नाही."

"माझी आहे!" फाटकाच्या गजांमागून प्रथमेश ओरडला.

तिनं कुलूप काढलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता बाहेर आला. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यानं हवालदाराला सगळं सांगितलं, काही न वाढवता आणि काही न गाळता, स्वतः मराठीत काय बोलला तेही. ऐकताना गौतमीला वाटलं, याला अडवायचा आपल्याला काही अधिकार नाही. आपण याला मागे ठेवून गेलो होतो. सैनीजी दारात हात जोडून उभे होते. हवालदारानं वही काढली आणि सांगितलं, ठाण्यावर येऊन लिहून द्यावं लागेल, पुढे तारखांना इथे यावं लागेल, सैनीजी आणि विमलाला आज घेऊन जावं लागेल.

प्रथमेशनं सैनीजींकडे पाहिलं, विमलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला फक्त घरी जायचंय." हवालदारानं त्या दोघांना दम भरला, वही खिशात घातली, आणि जीप गेली.

सीकर रोडपर्यंत दोघं चालत आली. रिक्षात बसल्यावर प्रथमेश म्हणाला, "तू खरं बोललीस म्हणून वाचलो असं तुला वाटत असेल. मॅडमनी पोलीस पाठवले म्हणून वाचलो."

"असेल," ती म्हणाली. तिला खरोखरच ठरवता येत नव्हतं. "मी तुला एकट्याला सोडून जायला नको होतं."

"नव्हतंच जायचं," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे बघत राहिला. महिन्याभरात त्यानं ती नोकरी सोडली.

ऑफिसात गौतमी आणि मॅडम यांचं दोन दिवस वाजलं. गौतमीचं म्हणणं, नुसत्या दरांचा तक्ता छापला तर तो अर्धवट आहे. शून्य कर म्हणजे काय, ती रेषा ओलांडणाऱ्या माणसाचं काय होतं, ते त्याच पानावर यायला हवं. मॅडम म्हणाल्या, "आपण दरांची तुलना करतोय. माणसांच्या रागाची नाही." शेवटी अहवालाच्या मागच्या भागात तिला दोन पानं मिळाली. एका वर्तमानपत्रानं बातमी केली ती मात्र तक्त्याचीच: घरांवरचा कर, चार शहरांत जयपूर सर्वांत स्वस्त. ती बातमी वाचून गौतमीचे वडील कौतुकानं म्हणाले, "तुझं नाव नाही का ग यात?" तिनं पेपर घडी करून बाजूला ठेवला.

त्याच आठवड्यात ती मुरलीपुऱ्याला गेली. जाताना तिला भीती वाटत होती आणि सैनीजींच्या फाटकापुढून ती भरभर चालत गेली. विमलानं दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. गौतमी म्हणाली, कराचे हप्ते पाडून मागता येतात, अर्ज करावा लागतो, मी बरोबर येते. विमला म्हणाली, "तुझं त्यात काय आहे?" तरी दोघी गेल्या. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, साहेब नाहीत म्हणून परत, पुन्हा एकदा. रांगेत विमला तिच्याशी फारसं बोलायची नाही. एकदा मात्र खिडकीतला माणूस विमलाकडे बोट दाखवून गौतमीला "हिला सांगा" म्हणाला, तेव्हा विमलाच पुढे झाली. "मला सांगा. घर माझं आहे."

पहिला हप्ता भरल्यावर एक माणूस सील काढायला आला. त्यानं लाख फोडली, कापड सोडवलं आणि शटर वर केलं. आतून कोंडलेल्या कापडाचा आणि उंदरांचा वास आला. माणूस निघाला तेव्हा विमलानं त्याला अडवलं.

"तुमचं नाव काय?"

"कशाला, बाई?"

"लावणाऱ्यांपैकी कोणाचंच मला माहीत नाही. काढणाऱ्याचं तरी असू दे."

तो माणूस जरा घुटमळला, मग म्हणाला, "पंडित म्हणतात मला," आणि स्कूटर सुरू करून निघून गेला.

विमलानं खुंटीवरचा लाल लहंगा काढून झटकला. खालचा काठ उंदरांनी कुरतडला होता. तिनं तो उजेडात धरून पाहिला, किती कापून टाकावा लागेल याचा बोटांनी अंदाज घेतला, आणि मशीनवरची धूळ पदरानं पुसायला लागली. गौतमी दारातच उभी होती. विमलानं मान वर न करता कोपऱ्यातलं स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवता येतो का तुला? मला आता दिसत नाही."